वैनींचा चौथा गेर

वैनी, बाहेर ओट्यावर माणसं बसली आहेत. सतरंजी अंथरलीय, पाण्याचा तांब्या फिरतोय, आणि जो येतो तो एकच वाक्य बोलतो, "नवऱ्यासाठी केलं माउलीनं सगळं." मी मान हलवतो. सुतकात आलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. तुमच्याशी मात्र मी वाद घालू शकतो, आजवर घालतच आलोय.

दहाव्याला प्रवचन ठेवायचं चाललंय. महाराज तुम्हाला पतिव्रता म्हणतील, दोन दृष्टान्त देतील, बायका डोळ्याला पदर लावतील. त्यांच्या आधी मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं टिपण्यापलीकडे मी जन्मात काही लिहिलेलं नाही. वाकडंतिकडं झालं तर हसा. तुम्ही एरवीही हसलाच असतात.

आधी एक सांगून टाकतो. "ही गाडी एक दिवस हिचा जीव घेणार," असं ज्यांनी ज्यांनी भाकीत केलं होतं ते सगळे खोटे पडले. तुम्ही गेलात घरच्या अंगणात, सडा टाकता टाकता. छातीत कळ आली, तुम्ही बादली नीट खाली ठेवलीत, शोभाला हाक मारलीत. माझी बायको म्हणजे तुमची जाऊ, पण ती रडतेय सख्ख्या बहिणीसारखी. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मोटारसायकल तिथंच लिंबाखाली उभी होती, आदल्या दिवशी तुम्हीच पुसून ठेवलेली. इतक्या वर्षांत रस्त्यानं तुम्हाला साधं खरचटूही दिलं नाही, हे मी ओट्यावर मोठ्यानं सांगितलं.

तुम्ही गाडी शिकायचं काढलंत तेव्हा तुम्ही आजी झाला होतात. पन्नाशी उंबऱ्यावर आली होती. साखरेच्या आजारानं दादाच्या किडन्या खाऊन टाकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला जाऊन मशीनवर झोपायचं, अंगातलं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालायचं, असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा माझा हा थोरला भाऊ म्हणाला होता, "कापडं हायेत का वो ते, धुवायला?" डॉक्टर हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "एखादी खेप चुकली तं?" डॉक्टरांनी सांगितलं, चुकवायची नाही.

आता आपल्या गावातून जालना म्हणजे काय ते मी कुणाला सांगावं. जीपनं घनसावंगी, तिथून अंबड, तिथून पुढं एसटी. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की आजारी माणसाला टेकायला जागा राहत नाही. पावसाळाभर कारखाना बंद, म्हणून दादाला त्याच्याच गाडीवर मागं बसवून मी नेत होतो. एकदा मला दुरुस्तीच्या कामावर थांबवलं आणि तुम्ही दोघं जीपनं निघालात. जीप वाटेत बिघडली, मशीनवरचा नंबर हुकला. घरी आल्यावर दादाला आडवं होता येईना. भिंतीला टेकून तो श्वास ओढत बसला. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरूनच यायचा नाही.

दसरा जवळ आला होता. एकदा कारखान्याचा बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला, की मला सुटी कुठली मिळणार? पुढचे सहा महिने दादाला कोण नेणार, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या तोंडावर होता आणि कुणीच तो बोलत नव्हतं. तुम्ही चुलीपुढून उठलात, लिंबाखाली गेलात, आणि बैल विकत घेताना त्याच्या वशिंडावर हात ठेवतात तसा गाडीच्या टाकीवर हात ठेवलात.

"भाऊजी, ही मला शिकवा."

मी म्हणालो, "वैनी, ही काय शिलाई मशीन हाये का?"

"ती बी मला येत न्हाई. ही शिकवा."

तिथंच आपली पहिली पंचाईत झाली. आपल्याकडं गाडी शिकवायची रीत एकच. शिकणारा पुढं, शिकवणारा मागं, आणि मागच्यानं पुढच्याच्या दोन्ही काखेतून हात काढून हँडल धरायचं. निम्म्या गावाची पोरं मी अशीच शिकवली. आता थोरल्या भावजयीच्या मागं मी असा कसा बसणार? तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मी तुमच्याकडं पाहिलं, आणि मग आपण दोघंही लिंबाकडं बघायला लागलो. शेवटी शोभाच म्हणाली, "आवं, डबल स्टँडवर लावा की तिला. चालू बी ऱ्हाती अन् जात बी न्हाई."

तशी गाडी लिंबाखाली डबल स्टँडवर चढली. मागचं चाक अधांतरी. इंजिन चालू, गेर पडतोय, चाक गरगर फिरतंय, आणि गाडी जागची हलत नाही. मी चार हात लांब उभा राहून ओरडायचो, क्लच दाबा, गेर टाका, क्लच हळू सोडा. बसल्या जागी तुम्ही कितीदा जालन्याला जाऊन आलात. दादा बाजेवरून विचारायचा, "आंबड आलं का?" तुम्ही म्हणायचात, "आलं. उतरता का च्याला?" घरात कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

तुम्हाला एक खोड होती, सारखं मागं वळून बघायची. चाक फिरतंय का, पदर अडकला का, दादा बाजेवर बराबर आहे का. मी वैतागायचो.

"वैनी, मागं न्हाई बघायचं. बिलकुल न्हाई. गाडी नजरंमागं जाती."

"अन् मागचं मानूस पडलं तं?"

"पडलं तं हाक मारतंय. तुम्ही पुढं बघा."

मग कपड्यांचा प्रश्न. गोल साडीत टाकीच्या दोन्ही अंगांना पाय टाकता येईनात. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरातून बाहेर आलात त्या थेट कापूस वेचायला निघाल्यासारख्या. काष्टा मारलेला, वरून दादाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. बोंडाची टोकं हाताला लागू नयेत म्हणून सगळ्या बायका रानात घालतात तोच शर्ट. आपल्या भावकीत सगळ्यांत वडीलधारे नाना, ते समोरच्या ओट्यावरून कडाडले, "असल्या कापडात जालन्याला जाशीन?" तुम्ही डोक्यावरचं फडकं सारखं केलंत आणि हळूच म्हणालात, "नाना, रानात चालतंय तं रस्त्यावर कामून न्हाई चालत?" नाना तंबाखू मळत बसले.

सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात तुम्ही पहिल्यांदा एकट्या गाडी हलवलीत, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाडी निघाली, सरळ निघाली, मी टाळी वाजवायला हात उचलले. पुढं कडब्याची गंज होती. तुम्हाला थांबायचं होतं. आणि तुम्ही थांबवायला काय केलंत? माहेरी बैलगाडी हाकलेल्या तुम्ही. दोन्ही मनगटं छातीकडं ओढलीत, कासरा ओढतात तशी, आणि जोरात म्हणालात, "हो! हो! हो!"

बैल असते तर थांबले असते. गाडीची मूठ अंगाकडं पिळली की ती पळते. जसजशी ती पळाली तसतशा तुम्ही आणखी ओढायला लागलात, आणि जसजसं ओढलंत तसतशी ती आणखी पळाली. माझ्या डोळ्यांदेखत वैनी आणि गाडी दोघी गंजीत शिरल्या. मी धावलो. कडब्यातून आधी हात आला, मग फडकं सुटलेलं डोकं, केसांत पाला. तुम्ही माझ्याकडं रागानं बघून विचारलंत, "भाऊजी, हिला कान न्हाईत का?"

मी हसून हसून वावरात बसलो. मग तुम्हीही हसलात. पण हसणं थांबल्यावर मी घाबरलो, हे तुम्हाला कळू दिलं नव्हतं. मागं दादा असता तर? घरी येताना मी सांगितलं, "वैनी, बैल ओढला की थांबतो. ही ओढली की पळती. हिला सोडलं की थांबती."

"सोडून थांबवायचं?" तुम्ही म्हणालात. "समदं उलटंच की वो हे."

त्यानंतर मी तुम्हाला चुलीपुढं पाहिलंय. भाकरी थापता थापता मध्येच तुम्ही दोन्ही मुठी आवळायचात आणि पटकन सैल सोडायचात. दळण निवडताना तेच. शोभा मला म्हणाली, "बाईला कायतरी झालंय, हात झटकून राह्यल्या." झालं काही नव्हतं. जन्मभर जे ओढून थांबवलं ते सोडून थांबवायची सवय तुम्ही हातांना लावत होतात. त्या वयात. मला आजही नवल वाटतं, वैनी. माझ्या हातांना एक जुनी सवय मोडायला सांगा, मला जमायचं नाही.

लायसनच्या परीक्षेला आठचा आकडा काढायचा असतो, पाय न टेकवता. भलीभली पोरं तिथं पाय टेकवतात. तुम्ही सावकाश, एका चालीत दोन वेढे पुरे केलेत. साहेब म्हणाले, "मावशी, कुठं शिकल्या?" तुम्ही म्हणालात, "खळ्यावर. मळणीला लहानपणी बैल फिरवलेत." साहेबांना खळं माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी सही केली.

बॉयलर पेटला. मी कामावर गेलो आणि तुम्ही दादाला घेऊन निघालात. त्या दिवशी काट्यावर मी एका ट्रॅक्टरचं वजन दुसऱ्याच्या नावावर टाकलं आणि शिव्या खाल्ल्या. जीव रस्त्यावर होता. संध्याकाळी घरी आलो तर दादा बाजेवर बसलेला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "गेल्तो. आल्तो. च्या आन." तुम्ही आत भाजी चिरत होतात. मी दारात उभा राहिलो. काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं आणि तोंडातून निघालं ते, "पेट्रोल किती राह्यलं?"

मोठं बोलायचं ते तेव्हाही राहिलं आणि नंतरही राहिलं. आपल्याकडं भावजयीला कुणी उपकार झाले म्हणत नाही. आता म्हणतो. माझा भाऊ आज बाजेवर बसलेला दिसतो तो तुमच्यामुळं.

झोळीची गोष्ट मला दादानं नंतर सांगितली. ज्या हातात मशीनच्या सुया टोचतात त्या हातावर जोर द्यायचा नसतो, म्हणून त्याला गच्च धरून बसता येत नाही. येताना तर तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा झालेला असतो, डोळे आपोआप मिटतात. पहिल्याच खेपेला तो मागं एका अंगाला कलला. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, कापूस वेचताना कमरेला बांधायची झोळी हँडलला अडकवलेली होती ती सोडलीत, दादाच्या पाठीमागून घेतलीत आणि आपल्या पोटावर गाठ मारलीत. दादा म्हणाला, "मी काय लेकरू हाये का, पाठीला बांधायला?" तुम्ही म्हणालात, "लेकरू ऐकत असतंय. बसा गप." आणि किक मारलीत.

मी ते डोळ्यांनी पाहिलं ते अंबडला. कारखान्यातली पाळी संपवून चौकात चहा घेत उभा होतो. दुपारची वेळ, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, कर्णे वाजताहेत, मधे बैलगाड्या. आणि त्या सगळ्यातून तुम्ही आलात. दादाचा निळा शर्ट, काष्टा, डोक्याला फडकं, नजर सरळ पुढं. पोटावर झोळीची गाठ, आणि पाठीवर माझा थोरला भाऊ, तुमच्या खांद्यावर गाल टेकून झोपलेला. ज्याच्या दणक्यानं लहानपणी मी पँटीत मुतायचो तो माझा भाऊ. तुम्ही एका ट्रॉलीच्या कडेनं अलगद निघालात, एका बैलजोडीला वाट दिलीत, आणि घनसावंगीच्या रस्त्याला वळलात. मी हाक मारली नाही. मारायची हिंमतच झाली नाही. देवळात गाभाऱ्याचा पडदा अचानक सरकला की माणूस कसा गप होतो, तसा मी गप उभा होतो आणि चहा गार झाला.

चहावाला म्हणाला, "कोन हो ही बाई?"

मी म्हणालो, "आमची वैनी."

आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी भांडलोच. कारण गेर. तुम्ही तिसऱ्या गेरवरून कधी वर गेलाच नाहीत. गावाजवळच्या चढाला तिसऱ्यावर ओरडत गाडी आली की आम्हाला कळायचं, वैनी आल्या. मी म्हणायचो, "वैनी, चौथा गेर कंपनीनं शोभंला दिलाय का? टॉप टाका. इंजिन बोंबलून राह्यलं. पेट्रोल जास्त जातंय." तुम्ही म्हणायचात, "मला कुठं जायची घाई हाये?" मी म्हणायचो, "घाईचा सवाल न्हाई, गाडीच्या तब्येतीचा हाये." तुम्ही म्हणायचात, "तिची तब्येत तुम्ही बघा, मी ह्यांची बघती." दर आठवड्याला हेच. सणाच्या पंगतीत हेच. तुमची लेक माहेरी आली की तिच्यासमोर पुन्हा हेच. शोभा म्हणायची, तुमचं दीर-भावजयीचं हे भांडण मोटारसायकल भंगारात गेली तरी मिटायचं नाही.

नानांचं तर राहिलंच. मोतीबिंदूच्या आप्रेशनला त्यांना अंबडला जायचं होतं, जीप मिळेना. तुम्ही म्हणालात, चला सोडते. नाना तुमच्या मागं बसले, पण गाव सुटेपर्यंत तोंडावर धोतराचा सोगा घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून. अख्ख्या गावानं ओळखलं. परत आल्यावर कुणीतरी विचारलं, "नाना, कशी चालवती?" नाना म्हणाले, "मला काय दिसतंय? डोळ्याला पट्टी हाये." पण त्यानंतर तुमच्या कपड्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत.

आता परवाचं सांगतो. तुम्हाला अग्नी मी दिला. तुम्हाला मुलगा नाही, दादाच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून आलो आणि नेमका तोच दिवस दादाच्या मशीनचा होता. मी हातपाय धुऊन दादापाशी गेलो.

तो म्हणाला, "मी न्हाई येत."

"दादा, आजचा चुकवून जमनार न्हाई."

"आता कामून जायचं? कोनासाठी जायचं?" त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "जिच्यासाठी जात व्हतो ती गेली. मला ऱ्हाऊ दे."

वैनी, आम्ही सगळे समजत होतो की तुम्ही त्याच्यासाठी जात होतात. तो तुमच्यासाठी जात होता.

लेकीनं पाया पडून सांगितलं, शोभानं सांगितलं, तो हलला नाही. त्याचे पाय फुगायला लागले होते. मी त्याचा चांगला हात धरला आणि ओढला. जोरात ओढला. राग आला होता मला, तुमच्यावर, त्याच्यावर, सगळ्यावर. मी जितका ओढला तितका तो बाजेला धरून मागं सरकला, आणि बाहेर माणसं कुजबुजायला लागली. ओट्यावरून एकजण म्हणाला, "अग्नी दिलेल्या मानसानं दहाव्यापतुर शीव वलांडू नये." दुसऱ्यानं दुजोरा दिला.

तेव्हा मला तुमच्या मुठी आठवल्या. भाकरी थापताना सैल सोडलेल्या. ओढली की पळती. मी दादाचा हात सोडला.

अंगणात गेलो. लिंबाखालची गाडी काढली. झोळी हँडललाच होती, तुम्ही घडी घालून ठेवलेली. किक मारली. तुम्ही कधी दादाला हाक मारायचा नाहीत, गाडी चालू करून उभ्या राहायचात आणि तो यायचा. मी पण तसाच उभा राहिलो. इंजिन चालू होतं. घरात काही हालचाल नव्हती. मला वाटलं, नाही येत तो. मी दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि समोर लिंबाकडं बघत राहिलो.

मग मागं चपलेचा आवाज आला. दादा भिंतीला धरून येत होता. अंगावर नुसतं उपरणं. पाय टाकून मागं बसला आणि रोजच्यासारखे दोन्ही हात जरासे वर केले. झोळी बांधण्यासाठी. माझ्या हातांना गाठ जमेना. तेव्हा नाना उठले, काठी टेकत आले आणि त्यांनी ती गाठ माझ्या पोटावर बांधली.

"नाना, शीव..." मी म्हणालो.

"जा," नाना म्हणाले. "मशिनीला सुतक कळतंय व्हय? जल्दी जा."

शीव ओलांडली. मी गाडी तिसऱ्या गेरवर ठेवली होती. मुद्दाम. वाटलं, तुमच्या शब्दाला मान म्हणून आज तिसऱ्यावरच जाऊ. गाडी बोंबलत होती, मी बोंबलू देत होतो. अंबड मागं पडलं. पुढं मोठा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, तुरळक वाहनं. दादानं माझ्या खांद्यावर बोट मारलं.

"टॉप टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"टॉप टाक म्हनलं. आंबड सुटलं की ती टॉप टाकायची."

"कोन, वैनी?"

"जाताना. येताना मी झोपलेला असायचो म्हून तिसऱ्यावर. जाताना इथं आलो की इचारायची, टाकू का? मी म्हनायचो, टाक. मंग अशी सुसाट सुटायची की बस." त्यानं उपरणं सावरलं. "वारं लागलं की हसायची. मोठ्यानं न्हाई. पर झोळीतून तिची पाठ हाललेली मला समजायची, हसून राह्यली म्हून."

मी विचारलं, "मंग मला कामून न्हाई सांगितलं? मी इतकं भांडलो तिच्याशी."

"मीबी म्हनलं, सांग एकडाव बबनला. तं म्हनली, नको. भाऊजीला माझ्यासंगं भांडायला तेवढं एकच तं हाये."

वैनी, ओट्यावरच्या माणसांना मी हे कसं सांगू? ते म्हणतात, केलं सगळं नवऱ्यासाठी. केलंच. पण अंबडच्या पुढच्या त्या रस्त्यावर तुम्ही स्वतःसाठी हसत होतात, दादाला पाठीशी बांधून, आजी झालेल्या, दादाच्या निळ्या शर्टात वारं भरून. इतकी वर्षं मी चहाच्या टपरीवरून तुम्हाला देव समजून बघत राहिलो आणि तुम्ही तिकडं चौथ्या गेरात मजा करत होतात. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणी आलं. दहाव्याला महाराजांना एवढंच सांगेन, की दृष्टान्त काय द्यायचे ते द्या, पण बाईला गाडी आवडायची हे सांगायला विसरू नका.

मी क्लच दाबला, टॉप टाकला, क्लच हळू सोडला. गाडीचं ओरडणं एकदम थांबलं आणि ती हलकी होऊन पळायला लागली. वारं आलं. माझ्या पोटावर झोळी ताणली गेली आणि पाठीला दादा हलतोय असं जाणवलं. अंग थरथरत होतं त्याचं. तो रडत होता की तुमच्यासारखा हसत होता, ते मला अजूनही सांगता येत नाही. मी वळून पाहिलं नाही. गाडी चालवताना मागं बघायचं नसतं, हे मीच तुम्हाला लिंबाखाली शिकवलं होतं.